ऋणको, धनको आणि सरकार

दीपावलीच्या संध्याकाळी ज्या चोपड्यांना हळदकुंकू वाहून पेढीवर लक्ष्मीपूजन होते, तशाच चोपड्या दीडशे वर्षांमागे, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या रयतेने सावकारांच्या दुकानांतून ओढून काढल्या आणि कर्जरोख्यांसह जाळल्या. दंग्याचे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. मात्र ज्या सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला तेव्हा सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, 1865 नंतर भाव कोसळताच हात आखडता घेतला, आणि त्यातच सरकारने जमाबंदीची फेरतपासणी करून सारा वाढविला. तरीही दिवाणी कोर्टे अंगठ्यापलीकडे पाहावयास तयार नव्हती. कुळावर एकतर्फी हुकूमनामे होत, आणि दाव्याची मुदत टळू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांच्या आत थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. जबाबदारी ज्याची त्याची, हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे. पण हिशेब एकाच पक्षाच्या कुलपात असताना दुसऱ्याने जबाबदार व्हावे ते कशाच्या आधारावर?

1879 च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टाने न्यायाधीशास खतामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला, शेतकऱ्याची कर्जापायी होणारी कैद बंद केली, आणि सावकाराने मागणीनुसार पावती, वार्षिक हिशेब व खातेवही द्यावी असे फर्माविले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी खास न्यायाधीश या नात्याने याच कायद्याचे काम पाहिले. कायद्याला पळवाट मात्र लवकरच सापडली: गहाणखतावर कोर्टाची नजर वळताच सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि रक्कम फिटल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडीच राहू लागला.

आजचा घर घेणारा ऋणको बहुधा पदवीधर असतो. पण पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या जागी तो पानोपान सह्या करीत जातो तेव्हा वाचतो किती, हे बँकेच्या टेबलापलीकडचा माणूस जाणून असतो. पन्नास लाखांचे, वीस वर्षांचे, साडेआठ टक्क्यांचे कर्ज आरंभीच साडेनऊ टक्क्यांवर गेले आणि सुमारे 43,400 रुपयांचा हप्ता तसाच ठेवला, तर फेड पावणेसव्वीस वर्षांवर जाते. हप्ता तोच म्हणून गृहस्थ निर्धास्त. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा बदलाचा परिणाम ऋणकोस कळविण्याचे, आणि हप्ता वाढवावा की मुदत हे त्याला ठरवू देण्याचे बंधन घातले. 1879 च्या कायद्यातील खातेवहीचाच हा वंश होय.

कोणी किती मोठे घर घ्यावे हे सरकारने ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. धनकोला हिशेब उघडा करावयास लावणे मात्र सरकारचेच काम, आणि तेथे मुरवत नको. हिशेब समोर असूनही जो न पेलणारा बोजा पत्करील, त्याने मग माफीची वाट पाहू नये. कर्जदार वाचकांस एवढीच विनंती, की अंकातील कथांकडे वळण्यापूर्वी बँकेकडे कर्जखात्याचा उतारा मागावा आणि त्यातील उरलेली मुदत स्वतः वाचावी.