वेटसूट की ड्रायसूट? आधी काठावरचा वारा बघा

तंजावूरमध्ये बसून थंड पाण्यावर लिहायचं म्हणजे जैसलमेरमध्ये छत्र्या विकण्यासारखं आहे. इथे जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटतं, काही दिवसांनी ते कल्लणैवरून शहरातल्या पुदु आरु कालव्यात येतं आणि पोरं पुलाच्या कठड्यावरून धडाधड उड्या मारायला लागतात. पाणी कोमट, हवा त्याहून गरम. परवा संध्याकाळी त्याच पुलावर घाम पुसत उभा होतो तेव्हा फोन आला. माझ्या जुन्या युनिटमधला तरुण कॅप्टन, सोलापूरकडचा.

"सर, दोन मिनिटं आहेत? आमची डायव्हिंग टीम वर जातेय. वेटसूट मागवू की ड्रायसूट? पैसे ठरलेले आहेत. एका ड्रायसूटच्या पैशात तीन-चार चांगले वेटसूट येतात."

पाण्याचं तापमान त्याला पाठ होतं, खोलीही ठाऊक होती. मी विचारलं, "माणूस पाण्यातून बाहेर आल्यावर बसणार कुठे?" यावर तो गप्प झाला. त्याचा दोष नाही, त्याच्या वयाचा असताना मीही गप्पच झालो असतो. फोनवर धड सांगता आलं नाही ते इथे लिहितो. पाण्यात आयुष्य घालवलेल्या निवृत्त मंडळींनी चुकलं तिथे कान धरावा.

तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना वेटसूट माहीत असेल. तो काळा, अंगाला चिकटणारा रबरी पोशाख. बहुतेकांचा समज असा की तो पाणी आत येऊ देत नाही. पाणी येतंच. आत आलेला पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि सूट घट्ट असेल तर तिथेच राहतो. पण खरी ऊब देतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. ही कल्पना ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची. हा गृहस्थ आधी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता. नौदलाच्या पाणबुड्यांना थंडी का वाजते याचा विचार करताना त्याला कळलं की माणूस कोरडा असायलाच हवा असं नाही, वायू अडकलेला असला की झालं.

गोम त्या बुडबुड्यांतच आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेलात की दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे. तीस मीटरवर ते चौथा हिस्सा उरतात. म्हणजे जिथे थंडी जास्त, तिथेच सूट पातळ. डोंगरात यात आणखी एक भानगड. पँगाँगच्या उंचीवर, सुमारे १४ हजार फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. तिथे सूट पोचतो तोच फुगून. तो जास्त तरंगतो, म्हणून तुम्ही कमरेला जास्त शिसं बांधता. मग जेमतेम सहा मीटरवरच दाब दुप्पट होतो, सूट आक्रसतो आणि वर बरोबर वाटलेलं शिसं खाली खेचायला लागतं. खडकवासल्याच्या किंवा कोचीच्या पाण्यात शिकलेला हात इथे फसतो.

कोचीचं नाव आलंच आहे तर सांगतो. आपल्याकडचे बहुतेक पाणबुडे तिथल्या नौदलाच्या डायव्हिंग स्कूलमधून तयार होतात. उत्तम शिक्षण, पण पाणी केरळचं. एनडीएत आमची थंडीची कल्पना म्हणजे डिसेंबरातली पहाटेची पीकॉक बे. दात वाजायचे, वरून ओरडा बसायचा आणि वाटायचं की थंडी म्हणजे सहन करण्याची गोष्ट. ही समजूत माझ्या डोक्यातून जायला बरीच वर्षं लागली.

ती गेली एका डोंगरी नदीवर. नदीचं नाव सोडून देऊ. गाडी दरीत गेली होती, आत माणसं होती, जिवंत सापडण्याची आशा पहिल्याच दिवशी संपली होती. आमच्याकडे पाच मिलीमीटरचे वेटसूट. पाणी बर्फ वितळलेलं. माझा सर्वांत चांगला पाणबुड्या, सातारा जिल्ह्यातला एक नाईक, दुपारपर्यंत तीनदा खाली गेला. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. आकडे बघितले तर काहीच नाही. पण दोन बुड्यांच्या मध्ये तो ओल्या सुटात खडकावर बसायचा आणि दरीतून वारा यायचा. ओला वेटसूट वाऱ्यात माठासारखा वागतो. पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पाण्यात गमावलेली ऊब तो काठावर परत मिळवत नव्हता, आणखी गमावत होता.

चौथ्यांदा जाऊ का, असं त्यानेच विचारलं. मी मान हलवली. वर आला तेव्हा त्याला शिशाच्या पट्ट्याचं बक्कल उघडता येईना. "ठीक आहे साहेब," म्हणाला, पण जीभ जड झाली होती. मी तरीही त्याला दोनशे फूट चढून रस्त्यावरच्या गाडीकडे जायला सांगितलं, चालल्याने गरम होईल म्हणून. अर्ध्या वाटेत तो खाली बसला आणि उठेना. डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं: बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ घसरतच राहतं, आणि चालायला लावलं की हातापायातलं गार रक्त छातीकडे जातं. अशा माणसाला आडवा ठेवायचा, ओलं काढून कोरड्यात गुंडाळायचा, चोळायचं नाही, चालवायचं नाही. तो वाचला. आता निवृत्त होऊन गावी शेती करतो. फोनवर मलाच धीर देतो, "साहेब, मीच विचारलं होतं की." त्याने विचारणं साहजिक होतं. नाही म्हणायचं काम माझं होतं.

म्हणून माझं मत हे: वेटसूट की ड्रायसूट, हे पाण्याच्या तापमानावर ठरवू नये, निदान फक्त त्यावर नाही. एकूण किती तास काम आहे, पुन्हा पाण्यात जायचंय का आणि मधल्या वेळात आडोसा आहे का, यावर ठरवावं. २०१८मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेली मुलं आठवतात? तिथलं पाणी सुमारे २३ अंश. आपल्याला आंघोळीला चालेल असं. तरी बाहेर काढताना मुलांना वेटसूट घातले होते, कारण प्रवास कित्येक तासांचा होता आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने ऊब ओढतं. उलट फेब्रुवारी २०२१मध्ये चमोलीच्या पुरानंतर ऋषिगंगेवर तयार झालेलं तळं घ्या. १४ हजार फुटांवर नौदलाचे पाणबुडे हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरले आणि हातातल्या यंत्राने त्या तळ्याची खोली मोजली. पाणी जवळजवळ गोठणबिंदूवर. अशा ठिकाणी पाण्यातलं काम मिनिटांत आटोपेलही, पण हेलिकॉप्टर परत येईपर्यंतचा वेळ कोणी मोजायचा?

अशा जागी ड्रायसूट. मान आणि मनगटाला रबरी सील, पाणी न शिरणारी चेन, आत कोरडे गरम कपडे. पातळ कापडी ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, आतले कपडे देतात. पण बाहेर आलेला माणूस कोरडा असतो आणि वाऱ्यात तासभर बसू शकतो. बोटं जागेवर राहतात, बक्कल उघडतं.

मात्र ड्रायसूट हा नुसता घालायचा कपडा नाही, ते चालवायचं यंत्र आहे. खाली जाताना दाबाने तो अंगाला आवळतो, म्हणून नळीने हवा सोडावी लागते. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून काढावी लागते. इथल्या बाजारात तंजावूरची बाहुली मिळते, गोल बुडाची, बुडात वजन भरलेली. कितीही पाडा, उभी राहते. ड्रायसूटमधला नवशिका म्हणजे हीच बाहुली उलटी. डोकं खाली गेलं की हवा पायांकडे धावते, व्हॉल्व्ह राहतो खाली, आणि तो पाय वर करून बुचासारखा पृष्ठभागाकडे सुटतो. इतक्या वेगाने वर येणं म्हणजे फुप्फुसाला आणि रक्ताला धोका. अंग गोळा करून उलटी मारायची आणि हवा परत खांद्याकडे आणायची, हे पोहण्याच्या तलावात वीस-पंचवीस वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. शिवाय सीलला नख लागलं की ते फाटतं, चेनला मेण लावावं लागतं, आणि ढगळ सूट जोराच्या प्रवाहात ओढला जातो. तिथे छोट्या, एकाच बुडीच्या कामाला मी आजही जाड वेटसूटच देईन.

ज्येष्ठ मंडळी म्हणतील, आम्ही लंगोटावर उड्या मारल्या. मारल्या, मान्य. धरणात बुडालेल्यांना काढणारे आपल्याकडचे भोई-कोळी आजही काहीही न घालता उतरतात, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्यातले किती जण गारठ्याने आजारी पडले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

रात्री कॅप्टनला परत फोन केला. दोन ड्रायसूट घे म्हटलं, ज्यांना सरावाला महिना मिळेल अशा दोघांपुरते. उरलेल्या पैशात सात मिलीमीटरचे वेटसूट, प्रत्येकाच्या मापाचे, कारण सैल वेटसूट घालणं आणि न घालणं सारखंच. टोप्या आणि हातमोजे सगळ्यांना. आणि एक तंबू, ज्यात स्टोव्ह पेटेल, तो पाण्यापासून वीस पावलांच्या आत.

"सर, तंबू डायव्हिंगच्या हेडमध्ये नाही बसणार."

"बसव," म्हटलं. "आणि बक्कल उघडायला कोणाला दुसरी खटपट लागली, तर त्या दिवशी तो पाण्यात जाणार नाही. तो कितीही हसला तरी."

दुसऱ्या दिवशी बाजारातून एक बाहुली घेऊन त्याच्या युनिटच्या पत्त्यावर पाठवून दिली. ट्रेनिंग शेडमध्ये ठेव, असं चिठ्ठीत लिहिलंय.