खंड थकला तर नांगर अडवू नका, आधी हिशोब मांडा

पाडवा जवळ आला की गावोगावच्या पारावर एकच विषय निघतो. कुणाची जमीन कुणाकडे जाणार, खंड किती ठरला आणि मागचा कुणाचा राहिला. ज्याचा मागचा राहिला त्याच्या बांधावर मग भांडण उभे राहते. मालक म्हणतो, पैसे टाक नाहीतर रान मोकळे कर. कसणारा म्हणतो, पाऊसच नव्हता तर पैसे आणू कुठून? दोघेही आपापल्या जागी खरे असतात, आणि म्हणूनच हे भांडण मिटता मिटत नाही.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमीन खंडाने देणारा म्हणजे वाड्यात लोडाला टेकून बसलेला जमीनदार, हे चित्र आता जुने झाले. आज खंडाने जमीन देणाऱ्यांत दोन एकरांची विधवा बाई आहे, सीमेवर नोकरी करणारा जवान आहे, पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेला माणूस आहे. घेणाऱ्यांत भूमिहीन मजूर आहे, तसा दहा एकरांचा, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला बागायतदारही आहे. त्यामुळे कोण गरीब आणि कोण सबळ, हे नुसत्या ‘मालक’ आणि ‘कूळ’ या शब्दांवरून ठरवता येत नाही.

खंड थकला की मालक काय करतो? परस्पर रानात नांगर घालतो, उभ्या पिकाला पाणी तोडतो किंवा विहिरीवरच्या मोटारीची पेटी काढून आणतो. हा रस्ता सरळ खड्ड्यात नेणारा आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण व खानदेशात लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम २९ स्पष्ट सांगते की, मामलेदाराच्या म्हणजे तहसीलदाराच्या हुकुमाशिवाय मालकाला कुळाकडून जमिनीचा ताबा घेता येत नाही. (मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे, तिकडच्या वाचकांनी आपापला कायदा पाहावा.) पैसे मालकाचे बुडाले असले, तरी ताबा परस्पर घेतला की चूक मालकाची ठरते.

मग कायद्याचा मार्ग कोणता? कलम १४ म्हणते की, त्या महसुली वर्षाचा खंड ३१ मेच्या आत भरला नाही, तर मालक कुळाला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊ शकतो. त्या तीन महिन्यांत कुळाने पैसे भरले तर विषय संपला. नाही भरले, तर मालकाने तहसीलदाराकडे जायचे. तिथेही कलम २५ कुळाला आणखी एक संधी देते. थकलेला खंड आणि खर्च १५ दिवसांत भरला तर कुळवहिवाट कायम राहते. ही सवलत नाकारायची असेल, तर खंड तीन वर्षे थकलेला हवा आणि प्रत्येक वेळी तीन महिन्यांच्या आत मालकाने तसे कळवलेले हवे. म्हणजे कायदा मालकाला म्हणतो, बाबा, वेळच्या वेळी लिहून कळव. आणि आपले मालक नेमके तेच करत नाहीत.

का करत नाहीत? भीतीपोटी. कागद केला की कूळ लागते, हा समज घराघरांत मुरलेला आहे. म्हणून व्यवहार तोंडी, पैसे रोख, पावती नाही, आणि साक्षीला फक्त मारुतीराया. भीती अगदीच पोकळ आहे असे नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी हजारो कुळे मालक झाली, आणि त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कलम ३२-ओ प्रमाणे एका वर्षाच्या आत जमीन विकत मागण्याचा हक्क आहे. पण इथेच नीट लक्ष द्या. कलम ४ मध्ये कूळ ठरवताना कागद मागितलेला नाही. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो आणि जो मालकाच्या कुटुंबातला नाही, पगारी गडी नाही किंवा ताबेगहाणदार नाही, तो कूळ मानला जाऊ शकतो. एवढेच काय, पिकाच्या वाट्यावर राबणारा गडीसुद्धा पगारी गड्याच्या सवलतीत बसत नाही. तेव्हा कूळ कागदाने लागत नाही, कसण्याने लागते. कागद न केल्याने मालकाची जमीन काही जास्त सुरक्षित होत नाही. फक्त खंड ठरला किती आणि राहिला किती, याचा पुरावा तेवढा जातो. काही जण अकरा महिन्यांचा करार करून निर्धास्त होतात. ते शहरातल्या खोलीच्या भाड्याचे गणित आहे, शेताला ते लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. याच कायद्याने खंडाला मर्यादा घातली आहे: आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. आज एकरी २० रुपयांत बांधावरचे गवतसुद्धा कुणी देणार नाही. बाजारात ठरणारा खंड आणि कायद्यातला खंड यांची गाठच पडत नाही. हजारांत ठरलेल्या खंडाची थकबाकी घेऊन जो मालक कचेरीत जाईल, त्याला आधी आपलाच हिशोब कायद्यात बसवून दाखवावा लागेल. म्हणून मालक कचेरीत जात नाही, बांधावर जातो. भांडणाचे मूळ इथे आहे.

कसणाऱ्याची बाजूही बघा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर आली, पण तोंडी खंडाच्या रानात पीक सहसा मालकाच्याच नावे चढते. गारपीट झाली, दुष्काळ पडला, की सरकारी मदत मालकाच्या खात्यात जमा होते. बी, खत, मजुरी गेली कसणाऱ्याची, मदत आली मालकाला, आणि वर पूर्ण खंडही मागायचा! हा न्याय नव्हे. कलम १३ प्रमाणे सरकारने जमीन महसूल तहकूब किंवा माफ केला, तर मालकानेही त्या प्रमाणात खंड तहकूब किंवा माफ करायचा असतो. सरकार सूट देते तिथे मालकाने मूठ आवळून धरू नये, हे कायदा बनवणाऱ्यांना तेव्हाच कळले होते.

मग करायचे काय? आमच्या मते चार गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत.

एक, दर पाडव्याला साध्या वहीत दोघांच्या सहीने हिशोब लिहा. खंड किती, दिला किती, राहिला किती, राहिलेला कधी देणार. पैसे घेतले की पावती द्या. पावती देणे हे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार करायचा असेल, तर आपला सातबारा आणि फेरफार घेऊन जाणत्या वकिलाला आधी दाखवा.

दोन, आपत्तीच्या वर्षाचे काय, हे पेरणीआधीच ठरवा. समजा, ४० हजार खंड ठरला, पाडव्याला २० हजार दिले आणि पुढे पीक गेले. मदतीचे १० हजार मालकाच्या खात्यात आले. ते कसणाऱ्याचे समजून खंडातून वजा करा. राहिले १० हजार. ते पाच-पाच हजारांनी, रब्बीवर आणि पुढच्या खरिपावर. मालकाचे पैसे बुडत नाहीत आणि कसणारा सावकाराच्या दारात जात नाही.

तीन, खंड थकल्यावर तीन-तीन वर्षे गप्प बसू नका. थकलेल्या भाड्याच्या दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. लेखी मागणी वेळेत करा, पण भाषा सभ्य ठेवा. चिठ्ठीने नाते तुटत नाही, तुटते ते शिवीगाळीने. आणि पाऊसपाणी चांगले असूनही जो मुद्दाम टाळतो, ट्रॅक्टर घेतो पण विधवा बाईचा खंड देत नाही, त्याच्याविषयी कुणाला कळवळा यायचे कारण नाही. त्याला नोटीसच हवी.

चार, गावाने मध्ये पडावे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या पुष्कळ गावांत नावापुरत्या उरल्या आहेत. खंडाचे तंटे हे त्यांचे खरे काम आहे. सरपंच आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी पाडव्याच्या ग्रामसभेत कलम १३, १४ आणि २९ मोठ्याने वाचून दाखवले, तरी निम्मी भांडणे बांधापर्यंत जाणार नाहीत.

मात्र गावाने कितीही शहाणपण दाखवले, तरी कायद्यातली गाठ गाव सोडवू शकत नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. मालकी मालकाचीच राहील, मुदत दोघांनी ठरवायची, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व मदत मिळेल, असा त्याचा गाभा आहे. जुन्या, खऱ्या कुळांच्या हक्काला धक्का न लावता नव्या करारांसाठी असा मार्ग मोकळा करणे हे सरकारचे काम आहे. आज मालक भीतीने जमीन पड ठेवतो, आणि राबायला तयार असलेला जवान पोरगा कामासाठी शहराची वाट धरतो. जमीन पड राहिली की नुकसान दोघांचेच नाही, सगळ्या गावाचे होते. आमदार-खासदार मते मागायला येतात तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.

तोपर्यंत हिशोबाची वही आणि थोडी माणुसकी, एवढे तरी आपल्या हातात आहे.