नातीचें कॉलेज

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला, आणि तो सुटेपर्यंत पुढले सहा आठवडे घरांत कोणाचेंच चित्त ठिकाणावर नव्हतें. घरगुती प्रश्नाची चर्चा या सदरांत करावी कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. परंतु आज महाराष्ट्रांतील कितीतरी घरांचीं मुलें-नातवंडें परदेशांत वाढत आहेत, आणि त्यांच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याची वेळ आली म्हणजे येथील वडीलधाऱ्यांचा सल्ला, निदान आशीर्वाद तरी, मागितला जातो. तेव्हां हा प्रश्न केवळ आमच्याच घरचा नव्हे, असें वाटल्यावरून लेखणी हातीं घेतली आहे.

माझा पुतण्या गेलीं वीस वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांत नोकरीस आहे. त्याची कन्या यंदा तेथील शालेय शिक्षण पुरें करून कॉलेजांत जावयाची. तिला दोन ठिकाणीं प्रवेश मिळाला. एक, घराजवळचें प्रचंड सरकारी विद्यापीठ. दुसरें, घरापासून मोटारीनें पांच तासांवर असलेलें, एका कॅथॉलिक संन्यासी-संघानें स्थापन केलेलें लहानसें कॉलेज. मुलीचा ओढा दुसऱ्याकडे. बापाचा जीव खर्चाच्या आंकड्यांत अडकलेला. आणि इकडे आमच्या वहिनींनीं ही वार्ता ऐकतांच हातांतली वाटी खालीं ठेवली.

थोरले बंधू निवर्तल्यापासून घरांत शब्द वहिनींचा. त्या म्हणाल्या, "भावजी, मुलगा तिकडे गेला तो पोटासाठीं. नात पाद्र्यांच्या हवालीं करण्यासाठीं नव्हे. तुम्ही तिला समजावून सांगा."

मीं मान डोलावली. खरें सांगावयाचें तर मलाही तसेंच वाटत होतें.

परंतु त्या रात्रीं झोंप आली नाहीं. १९७५ सालीं मीं जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा दिली. संस्कृतांत बरे गुण पडले होते. आमचे हेडमास्तर आपण होऊन घरीं आले आणि वडिलांना म्हणाले, "मुलाला शहरांत मिशनच्या कॉलेजांत घाला, शिष्यवृत्ति मिळेल असें मी पाहतों." वडिलांनीं त्यांना चहा पाजला, आणि जवळजवळ वहिनींच्याच शब्दांत नकार दिला. मी त्या वेळीं माजघराच्या दारांत उभा होतों. मला कोणी कांहींच विचारलें नाहीं. पुढें मी पाठशाळेंत व्याकरण शिकलों, अध्यापनाचें प्रशिक्षण घेतलें, आणि पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. त्या आयुष्याबद्दल माझी तक्रार नाहीं. मात्र दारांत उभ्या असलेल्या मुलाला एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलें असतें, हें मला अजून उमगलेलें नाहीं. म्हणून सकाळीं उठून ठरविलें कीं, या वेळीं मत देण्यापूर्वीं माहिती मिळवावी आणि मग मुलीस विचारावें.

प्रथम, हें कॉलेज म्हणजे कोणत्या जातीची संस्था तें पाहूं. तिकडे याला ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात. ‘आर्ट्स’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कला शाखा येते; पण तो अर्थ येथें नाहीं. ‘लिबरल’ हा शब्द ‘मुक्त’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. युरोपांत मध्ययुगापासून मुक्त मनुष्याला शोभतील अशा सात विद्या मानीत: व्याकरण, तर्क व वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिति, संगीत व ज्योतिष या चार. आपल्याकडेही पंडिताला ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ म्हणत; म्हणजे व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिहींत जो निष्णात तो. आधीं बुद्धीला वळण लावावें, मग धंद्याचें शिक्षण घ्यावें, हाच उभयतांचा हेतु. आजच्या अशा कॉलेजांत जीवशास्त्र, रसायन, अर्थशास्त्र हे विषयही असतात. बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय निवडावयाचा. तोंवर सर्वांनीं थोडें थोडें सर्व शिकावयाचें. पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ नसल्यामुळें प्राध्यापक स्वतःच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवितात.

कॅथॉलिक म्हटलेलीं सर्व कॉलेजेंही एका सांच्याचीं नाहींत, हें मला नवें कळलें. मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वूस्टर येथें जेझुइटांनीं १८४३ सालीं स्थापिलेलें होली क्रॉस कॉलेज आहे. तेथें सुमारें तीन हजार विद्यार्थी आहेत आणि स्त्रियांना १९७२ पासून प्रवेश मिळूं लागला. न्यू हॅम्पशर प्रांतांतील सेंट अन्सेल्म कॉलेज बेनेडिक्टाईन मठवाशांनीं १८८९ सालीं काढलें. तेथें परिचारिकेचेंही शिक्षण मिळतें. याहून निराळें कॅलिफोर्नियांतील टॉमस अक्वायनस कॉलेज. १९७१ सालीं सुरू झालेल्या या संस्थेंत ऐच्छिक विषय नाहींत आणि पाठ्यपुस्तकेंही नाहींत. सर्वांनीं चार वर्षें एकच अभ्यासक्रम करावयाचा, मूळ ग्रंथ वाचावयाचे, आणि युक्लिडचे सिद्धांत फळ्याशीं उभें राहून सिद्ध करून दाखवावयाचे. वायोमिंग कॅथॉलिक कॉलेजाची पहिली तुकडी २००७ सालीं आली. तेथें वर्ग सुरू होण्यापूर्वीं नव्या विद्यार्थ्यांना एकवीस दिवस डोंगरांत पायपीट करावी लागते, आणि मोबाईल फोन जवळ बाळगतां येत नाहीं. आपल्या गुरुकुलाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. तेव्हां ‘कॅथॉलिक कॉलेज’ एवढ्या दोन शब्दांवरून निर्णय करणें म्हणजे ‘पाठशाळा’ या शब्दावरून वेदपाठशाळा कीं प्राथमिक शाळा हें ठरविण्यासारखें आहे.

आतां वहिनींच्या भीतीविषयीं. ती भीति आकाशांतून पडलेली नाहीं. गोमंतकांत १५६० सालीं इन्क्विझिशन स्थापन झालें, आणि त्याची आठवण कोंकणांतल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. परंतु त्याच गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी भाषा आत्मसात केली, आणि त्याचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. आपल्या भाषांचें लॅटिन-ग्रीकशीं असलेलें साम्य त्यानें १५८३ सालच्या पत्रांतच नोंदविलें होतें. इतिहासानें दोन्ही गोष्टी आपल्या पदरीं घातल्या आहेत. एकच उचलून दुसरी टाकतां येत नाहीं. आजच्या नियमाचें म्हणाल, तर पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९० सालीं कॅथॉलिक विद्यापीठांसाठीं जें शासनपत्र काढलें, त्यांत प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा असें स्पष्ट म्हटलें आहे. तथापि कागदावरील नियम आणि प्रत्यक्ष वागणूक यांत अंतर असूं शकतें. म्हणून तें विचारून घेतलें पाहिजे.

एका रविवारीं सायंकाळीं व्हिडिओवर सर्व मंडळी बसलीं. मीं नातीस म्हटलें, "बाळ, मी सल्ला देणार नाहीं. प्रश्न विचारणार आहें."

पहिला प्रश्न धर्माचा. ती म्हणाली, "आजोबा, मीं तिथल्या धर्मगुरूंनाच विचारलं कीं, मी हिंदु आहे, मला इथं काय काय करावं लागेल? ते म्हणाले, धर्मशास्त्राचे दोन आणि तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक्रम सर्वांना आवश्यक आहे. त्याची परीक्षा द्यावी लागेल. प्रार्थनेला येणं आवश्यक नाहीं."

दुसरा प्रश्न: "हेंच कां?" तेव्हां तिनें जें सांगितलें तें मी विसरणार नाहीं. ती तेथें एक रात्र राहिली होती आणि सकाळीं एका वर्गांत बसली होती. चौदा विद्यार्थी, मेजाभोंवतीं. सोफोक्लीसचें अँटिगॉनी नाटक चाललें होतें. राजाज्ञा श्रेष्ठ कीं भावाचें उत्तरकार्य करण्याचा बहिणीचा धर्म श्रेष्ठ, असा वाद. शिकविणारे वृद्ध मठवासी राजाची बाजू समजावीत होते. एका मुलीनें त्यांना मध्येंच अडविलें. त्यांनीं पुस्तक उलगडलें, तो उतारा पुन्हां वाचला आणि म्हणाले, "तुझें बरोबर आहे, मीं घाईनें वाचलें." नात म्हणाली, "आजोबा, मला असं कुणीतरी ऐकून घेणारं पाहिजे."

मी पस्तीस वर्षें शिक्षक होतों. माझ्या वर्गांत असें किती वेळां घडलें, हा हिशेब मनाशीं करून मी गप्प राहिलों.

तिसरा प्रश्न पुढच्या आयुष्याचा. तिला जीवशास्त्र आणि इतिहास दोन्ही प्रिय. वैद्यकाकडे जाण्याचाही विचार. अशा कॉलेजांतून डॉक्टर होतां येतें काय? होतां येतें. करोनाच्या सांथीच्या काळांत ज्यांचें नांव घरोघरीं पोंचलें, ते डॉ. अँथनी फाउची १९६२ सालचे होली क्रॉसचे पदवीधर. त्यांनीं ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मयाचा अभ्यास करीत वैद्यकाच्या पूर्वतयारीचे विषय पुरे केले होते. मात्र उद्यां तिला अभियांत्रिकीकडे वळावेंसें वाटलें तर असल्या बहुतेक लहान कॉलेजांत तो मार्ग नसतो. विषय थोडे, आपल्याकडचीं मुलें थोडीं, आणि सर्वजण सर्वांना ओळखीत असल्यामुळें कोपऱ्यांत लपण्याची सोय नाहीं. हे तोटे तिला ठाऊक होते, आणि तिनें ते न लपवितां सांगितले, हें मला विशेष वाटलें.

चौथा प्रश्न द्रव्याचा. येथें पुतण्यानें वही उघडली. खासगी कॉलेजांची छापील फी पाहून छाती दडपते; पण पुष्कळांना ती पूर्ण द्यावी लागत नाहीं. साहाय्य वजा जातां आपल्या घरावर काय पडेल याचा अंदाज देणारें गणकयंत्र प्रत्येक कॉलेजानें आपल्या संकेतस्थळावर ठेवावें, असा तेथें २०११ पासून नियम आहे. त्यांतही तीन गोष्टी पाहाव्या: शिष्यवृत्ति चारही वर्षें चालू राहते कीं पहिल्या वर्षापुरतीच, तिला गुणांची अट कोणती, आणि ‘साहाय्य’ म्हणून दाखविलेल्या रकमेंत कर्ज किती मिसळलें आहे. सरकारी विद्यार्थी-कर्ज आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षीं ५,५०० डॉलरांहून अधिक मिळत नाहीं. पुतण्यानें ठरविलें कीं, त्या मर्यादेबाहेर मुलीच्या डोक्यावर कर्ज ठेवावयाचें नाहीं. साहाय्य वजा जातांही फरक उरत होता. त्यानें कॉलेजास घरची स्थिति कळवून फेरविचाराची विनंति केली, आणि रक्कम थोडी वाढली. अशी विनंति करण्यांत कमीपणा नाहीं. पुष्कळ पालक तें जाणत नाहींत, म्हणून मुद्दाम लिहितों.

पांचवा प्रश्न मात्र आम्हांपैकीं कोणालाच सुचला नव्हता. तो मुलीच्या आईनें काढला. "हें कॉलेज चार वर्षें टिकेल का?" ही शंका वावगी नव्हे. कॅलिफोर्नियांतील होली नेम्स विद्यापीठ १८६८ सालचें. तें २०२३ सालीं बंद पडलें. न्यू यॉर्क प्रांतांतील सेंट रोझ कॉलेज १९२० सालचें आणि पेन्सिल्व्हेनियांतील कॅब्रिनी विद्यापीठ १९५७ सालचें. दोन्हीं २०२४ सालीं मिटलीं. तिघांचीही स्थापना धर्मभगिनींनीं केली होती. विद्यार्थी घटले, खर्च वाढला, आणि पुण्याईवर इमारती उभ्या राहत नाहींत. म्हणून कॉलेजाची गंगाजळी किती, गेल्या पांच वर्षांत विद्यार्थिसंख्या वाढली कीं घटली, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकीं किती पदवीपर्यंत पोंचतात, हें पाहणें आवश्यक आहे. सून दोन रात्री बसून हे आंकडे काढीत होती. नातीच्या मूळ यादींत आणखी एक लहान कॉलेज होतें. त्याचे आंकडे पाहून तें तिनें मुकाट्यानें खोडलें. हें टिकलें.

वहिनी या सर्व वेळीं एक शब्दही बोलल्या नाहींत. अखेर उत्तर कळविण्याचा दिवस, म्हणजे तेथील बहुतेक कॉलेजांची १ मे ही तारीख, जवळ आली. त्या आदल्या रविवारीं वहिनी कॅमेऱ्याजवळ सरकून बसल्या आणि नातीस म्हणाल्या, "तिथें वरणभात मिळेल का ग?"

"भात मिळतो, आजी. वरण नाहीं."

"मग मेतकूट पाठवीन," वहिनी म्हणाल्या. आमच्या घरीं संमतीचा ठराव याच शब्दांत पास झाला.

वाचकहो, लहान कॉलेज चांगलें आणि मोठें वाईट, किंवा धर्मसंस्थेचें असेल तर घ्यावें अगर टाळावें, असा सिद्धांत मला सांगावयाचा नाहीं. दुसऱ्या घरीं, दुसऱ्या मुलासाठीं, सरकारी विद्यापीठच योग्य ठरेल. माझ्या दुसऱ्या पुतण्याच्या मुलानें तोच मार्ग धरला आणि तो सुखांत आहे. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, शंका मनांत असेल तर ती प्रश्नाच्या रूपानें मुलापुढें मांडावी, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. नातीनें विचारलें तेव्हां तिच्या धर्मगुरूनें उत्तर दिलें, वर्गांतल्या मुलीनें विचारलें तेव्हां मठवाशानें पुस्तक उलगडलें. आमच्या वडिलांच्या घरीं प्रेम होतें, संस्कार होते, पोटभर जेवण होतें. तेवढी एक गोष्ट राहून गेली होती.

येत्या ऑगस्टांत नात तिकडे जाईल. मेतकुटाचा डबा तयार आहे.