बावन्न पानांचे गाव

वाचकहो, आपल्या घरी पत्त्यांचा कॅट कोठे असतो? बहुतेक घरी तो एखाद्या खणाच्या तळाशी, जुन्या किल्ल्या आणि दोऱ्याची रिळे ह्यांच्या संगतीत पडून असतो. मे महिन्यात मुले जमली की तो बाहेर निघतो. झब्बू, बदामसात, गुलामचोर आणि मेंढीकोट ह्यांत दुपारी सरतात, आणि शाळा सुरू झाली की तो पुन्हा खणात जातो. मुलांच्या हाती पत्ते दिसले तर कोणी रागावत नाही. पण घरातला मिळवता मुलगा रोज संध्याकाळी पत्ते घेऊन बसू लागला, तर आईच्या कपाळाला आठी पडते. तिचे चुकते असेही म्हणवत नाही. पत्त्यांपायी शेत गेले, दागिने गेले अशा हकीकती गावोगावी ऐकू येतात, आणि त्या साऱ्याच रचलेल्या नसतात.

म्हणूनच ह्या खेपेस आपणांस एका अशा गावाची ओळख करून द्यावयाची आहे की, ज्या गावाला पत्त्यांनी बुडविले तर नाहीच, उलट नावारूपाला आणले.

हे गाव मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात आहे. त्याचे नाव रायबिडपुरा. उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा आणि मधून वाहणारी नर्मदा, असा हा निमाडचा मुलूख. अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर ह्याच जिल्ह्यात असल्यामुळे मराठी वाचकांना तो परका वाटू नये. कापूस आणि मिरची ही ह्या भागातली प्रसिद्ध पिके. रायबिडपुराही असेच शेतकऱ्यांचे गाव आहे. परंतु शेतीची कामे आटोपल्यावर येथील माणसे जो खेळ मांडून बसतात, तो आपण सहसा मोठ्या शहरांतील जिमखान्यांत आणि साहेबी क्लबांत खेळला जातो असे समजतो. तो खेळ म्हणजे ब्रिज.

हा खेळ ह्या खेड्यात आला कसा? १९६०च्या दशकात एक पशुवैद्यक नोकरीच्या निमित्ताने ह्या गावी राहिले. त्यांना ब्रिजची आवड होती. परंतु ब्रिज हा एकट्याने खेळावयाचा खेळ नव्हे. त्याला चार माणसे लागतात. तेव्हा ज्यांच्या गाईबैलांना ते औषधपाणी करीत, त्यांतल्याच काही मंडळींना त्यांनी हा खेळ शिकविला. त्या मंडळींनी तो आपल्या मुलांना शिकविला आणि मुलांनी नातवंडांना. आज गावात ब्रिज जाणणारी माणसे शंभराहून अधिक आहेत. येथील खेळाडू गावाबाहेरच्या स्पर्धांतही जाऊन खेळले आहेत. ज्यांचा इंग्रजीशी एरवी संबंध येत नाही, असे शेतकरी येथे अस्खलितपणे इंग्रजी बोली लावतात. ह्यात चमत्कार वाटावयास नको. ब्रिजच्या बोलीची सारी भाषाच पंधरा शब्दांची आहे: एक ते सात हे आकडे, चार रंगांची नावे, 'नो ट्रम्प', 'पास', 'डबल' आणि 'रिडबल'. ह्यापलीकडे भिडूशी एक शब्दही बोलण्याची मुभा नाही.

ब्रिज ह्या शब्दाचे 'पूल' असे भाषांतर करण्याचा मोह मजसारख्या भाषांतर करणाऱ्यास हमखास होतो. तो आवरावा हे बरे. ह्या नावाचा पुलाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. १८८६ साली लंडनमध्ये 'बिरिच' नावाच्या खेळाच्या नियमांची एक छोटी पुस्तिका छापली गेली होती. त्याच शब्दाचा अपभ्रंश होऊन पुढे ब्रिज झाले असावे, असे मानतात. आज खेळला जाणारा 'कॉन्ट्रॅक्ट ब्रिज' मात्र त्याहून अलीकडचा आहे. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्ट ह्या अमेरिकन गृहस्थांनी आपल्या सोबत्यांबरोबर तो प्रथम खेळून पाहिला.

ज्यांनी मेंढीकोट खेळला आहे, त्यांना निम्मा ब्रिज आधीच येतो असे म्हटले तरी चालेल. दोन जोड्या, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, उतारी ज्या रंगाची त्याच रंगाचे पान टाकण्याचा नियम, आणि हुकूम, हे सारे तेथे आहेच. ब्रिजमध्ये त्यापूर्वी बोली होते. एकंदर हात तेरा. त्यांपैकी पहिले सहा गृहीत धरून त्यापुढचे किती करू, ते बोलीत सांगावयाचे. 'दोन बदाम' म्हणजे बदाम हुकूम धरून आठ हात करण्याचा पत्कर. जी जोडी सर्वांत वरची बोली लावील, तिच्यातील एक जण तो डाव खेळतो. पहिली उतारी झाली की त्याचा भिडू आपली तेराही पाने मेजावर उघडी मांडतो आणि डाव संपेपर्यंत गप्प बसतो. ह्या गप्प बसणाऱ्याला 'डमी' म्हणतात. आपल्या भिडूच्या हातून चूक होताना दिसत असूनही कपाळाला आठी पडू न देणे, हा ब्रिजमधला सर्वांत कठीण धडा आहे. तो संसारातही उपयोगी पडतो, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको.

आता मूळ शंकेकडे वळू. हा जुगार नव्हे, हे कशावरून? पाने वाटताना दैव असते, हे खरेच. एका माणसाच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे निरनिराळे प्रकार ६३,५०१ कोटी ३५ लक्ष ५९ हजार ६०० होतात. त्यांतला कोणता वाट्यास येईल, हे कोणाच्याच हाती नाही. परंतु स्पर्धेतल्या ब्रिजने ह्या दैवाला बाजूस सारण्याची एक साधी युक्ती योजिली आहे. तेथे पाने मेजाच्या मध्यभागी टाकीत नाहीत. ज्याची पाने त्याच्याच पुढे राहतात. डाव संपला की चारही हात चार कप्प्यांच्या एका पाटीत जसेच्या तसे घालून ती पाटी दुसऱ्या मेजावर पाठवितात. तेथे दुसरी मंडळी तीच पाने घेऊन तोच डाव खेळतात. शेवटी तुलना होते ती उत्तर-दक्षिण बसलेल्यांची उत्तर-दक्षिण बसलेल्या इतरांशी आणि पूर्व-पश्चिम बसलेल्यांची तशाच दुसऱ्या जोड्यांशी. पाने वाईट आली असतील तर ती त्या जागी बसणाऱ्या सर्वांनाच वाईट आली. त्याच पानांत ज्याने कमी गमावले, तो वर चढला. आयुष्यात असा निवाडा क्वचितच मिळतो. दुसऱ्याने आपल्याच परिस्थितीत काय केले असते, हे आपणांस एरवी कधीच कळत नाही.

न्यायालयानेही ह्या खेळाचा विचार केलेला आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयीच्या एका खटल्यात असे म्हटले की, रमीमधील दैवाचा अंश हा ब्रिजमध्ये पाने वाटताना जो असतो त्याच जातीचा आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. तथापि, वाचकहो, ह्यावरून भलता अर्थ काढू नये. कौशल्याच्या खेळावरही पैसे लावता येतात, आणि पैसे लावले म्हणजे कौशल्य असूनही घर बुडू शकते. घराला धोका पानांचा नाही, पैजेचा आहे. रायबिडपुऱ्यात ब्रिज पिढ्यानपिढ्या टिकला, कारण तेथे तो पैशासाठी खेळला जात नाही. खेळाची गोडी जिंकलेल्या रुपयांत असती, तर हरणाऱ्यांनी तो केव्हाच सोडला असता, किंवा त्यांच्या घरच्यांनी त्यांना सोडावयास लावला असता.

ही गोडी आहे तरी कशात? एक लहानसे उदाहरण देतो. समजा, समोर उघड्या पडलेल्या डमीच्या पानांत इस्पिकचा एक्का आणि राणी आहे. राजा प्रतिपक्षाकडे आहे, पण दोघांपैकी कोणाकडे, हे ठाऊक नाही. आपण आपल्या हातातून इस्पिकचे लहान पान उतरावे. डावीकडच्याने लहान पान टाकले, तर समोरून एक्का न लावता राणी लावावी. राजा डावीकडे असेल तर राणीचा हात होतो. उजवीकडे असेल तर जातो. नवशिका येथे नाणे उडविल्यासारखा खेळतो. मुरलेला खेळाडू मात्र मागे वळून पाहतो. बोलीच्या वेळी उजवीकडचा गप्प का बसला होता? राजा त्याच्याकडे असता, तर त्याने तोंड उघडले नसते काय? दुसऱ्याच्या मौनातून अर्थ काढण्याची ही विद्या आहे. पिकाच्या पानांवरून मुळाचा रोग ओळखणाऱ्या शेतकऱ्याला ती अवघड वाटली नसेल, तर त्यात नवल नाही.

ह्या खेळाला देशातही मान मिळू लागला आहे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांच्या जोडीस्पर्धेत कोलकात्याचे प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार ह्यांनी ३८४ गुण मिळवून सुवर्णपदक पटकाविले. दुसऱ्या आलेल्या चिनी जोडीचे गुण ३७८ होते. बर्धन ह्यांचे वय त्या वेळी ६० वर्षांचे होते आणि सरकार ह्यांचे ५६. पुरुषांच्या संघाला आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघाला कांस्यपदके मिळाली. मिश्र संघातील किरण नाडर आणि हेमा देवरा ह्या दोघींनीही साठी ओलांडलेली होती. ह्या स्पर्धांसाठी गेलेल्या संपूर्ण भारतीय पथकातील सर्वांत वयोवृद्ध खेळाडू, ७९ वर्षांच्या रीटा चोकसी, ह्याही ब्रिजच्याच. पुढे २०२३ साली हांगचौ येथे पुरुषांच्या संघाने रौप्यपदक मिळविले. ज्या वयात आपण वडीलधाऱ्यांना 'आता स्वस्थ बसा' असे सांगतो, त्या वयात ही मंडळी देशासाठी पदके आणीत होती.

आणि येथेच, वाचकहो, आपल्या घराचा प्रश्न येतो. आपणांपैकी कित्येकांच्या घरी सेवानिवृत्त वडील असतील. कचेरीत असताना मधल्या सुट्टीत त्यांचा चौघांचा अड्डा जमत असेल. आता एक जण मुलाकडे परगावी गेला, एकाला दिसेनासे झाले, एक राहिला नाही. खेळ येतो, पाने आहेत, वेळ तर हवा तेवढा आहे. फक्त माणसे नाहीत. मुले ज्याच्या त्याच्या हातातल्या पडद्यात गुंतलेली. मग वडील एकटेच पाने मांडून पेशन्स लावीत बसतात. ब्रिज मरतो तो असा. नियम विसरल्यामुळे नव्हे, तर चौथा भिडू न मिळाल्यामुळे.

रायबिडपुऱ्याच्या पशुवैद्यकांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी भिडूची वाट पाहिली नाही. भिडू तयार केले. आपणही तसे करून पाहण्यास काय हरकत आहे? पहिला महिनाभर बोलीच्या भानगडीत पडू नये. पाने वाटल्यावर प्रत्येकाने आपले गुण मोजावे: एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. साऱ्या कॅटचे मिळून चाळीस. ज्या जोडीचे गुण जास्त, तिने डाव खेळावा. त्या जोडीत ज्याच्याकडे अधिक गुण, त्याच्या भिडूने आपली पाने उघडी मांडावी, आणि ती पाहून खेळणाऱ्याने हुकूम ठरवावा. दहा वर्षांच्या मुलाला हे एका संध्याकाळी समजते. बोली मागाहून आपोआप गळी उतरते.

ज्यांची नातीगोती निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेली आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. खेळलेल्या डावाची चारही हातांची पाने कागदावर लिहून काढावी आणि तो कागद इंदूरच्या काकांना किंवा बडोद्याच्या मावशींना धाडावा. त्यांनी आपल्या घरी तशीच पाने लावून, हात कोणाचे किती झाले, ते उलट टपाली कळवावे. मात्र आपल्या घरी काय झाले, ते आधी सांगू नये. स्पर्धेतल्या पाटीचे काम पोस्टाचे पाकीट करील, आणि पत्र लिहिण्यास एक निमित्तही होईल.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. हरल्यावर भिडूला बोल लावू नये, आणि जिंकल्यावर पैसे मागू नयेत. एवढे पथ्य सांभाळले, तर खणाच्या तळाशी पडलेला तो कॅट रोज संध्याकाळी बाहेर काढण्यास आईचीही ना राहणार नाही. किंबहुना, तीन माणसे बसलेली पाहून पदराला हात पुशीत तीच विचारील, 'चौथे कोण आहे?' तेव्हा तिला जागा करून द्यावी.