नवी बॅटरी आणण्याआधी मोजा

ग्लायडर उडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. राखीव बॅटरीवर स्विच टाकला आणि व्होल्टेज कमी दिसलं, की लगेच दुकान गाठू नका. बॅटरी गेलेली असू शकते, नाही असं नाही. पण पुष्कळदा चोर सोडून संन्याशाला फाशी होते. नवी बॅटरी बसते, बिल फाटतं, आणि आकडा जिथल्या तिथे.

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात असो की परदेशातल्या एखाद्या क्लबात, ग्लायडरमध्ये सहसा 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी सापडते. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर तिने 12.7 च्या आसपास दाखवायला हवं. चार्जर काढल्या काढल्या मोजलंत तर आकडा फुगलेला येतो, त्यावर जाऊ नका. विश्रांतीनंतरही 12 च्या खाली असेल, तर ती जवळपास रिकामी आहे.

आता सगळ्यात सोपी परीक्षा. मुख्य आणि राखीव बॅटरी एकसारख्या असतील, तर त्यांच्या जागा बदला. कमी व्होल्टेज बॅटरीबरोबर दुसऱ्या जागी गेलं, तर दोष बॅटरीचा. ते राखीव जागेलाच चिकटून राहिलं, तर वायरिंग तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक का टाळतात कोण जाणे.

वायरिंगचा दोष लोडशिवाय दिसत नाही. एखाद्या खराब जॉइंटमध्ये अर्धा ओहम रोध आहे असं धरा. रेडिओ नुसता ऐकत असतो तेव्हा पाव-अर्धा ॲम्पिअर घेतो, म्हणजे तिथे फार तर पाव व्होल्ट पडतो. बोलायचं बटण दाबलं की तोच रेडिओ दीड-दोन ॲम्पिअर ओढतो आणि जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो. म्हणून ऐकू सगळं येतं, पण बोलायला जावं तर रेडिओ मान टाकतो. तपासण्यासाठी बटण दाबून फ्रिक्वेन्सी अडवू नका. गाडीच्या ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब पॅनेलच्या बाजूला जोडा (फ्यूज तेवढा करंट झेपणारा आहे ना, ते आधी बघा). हा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पॅनेलच्या प्लसवर ठेवा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. मायनसच्या बाजूनेही असंच मोजा. ती बाजू हमखास विसरली जाते.

मग तुकड्या-तुकड्याने पुढे सरका: टर्मिनल, फ्यूज, स्विच. काचेच्या फ्यूजच्या टोप्या काळवंडलेल्या असतात, होल्डरची स्प्रिंग सैल पडलेली असते. फ्यूज बोटाने जरा फिरवा आणि मीटरकडे बघा. आकडा उड्या मारू लागला तर चोर सापडला. फ्यूज आणि होल्डर दोन्ही बदला, पण फ्यूज त्याच रेटिंगचा घाला.

काही ग्लायडरमध्ये एका बॅटरीने दुसरीत वीज ढकलू नये म्हणून मध्ये डायोड असतो. साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्ट खातो, शॉट्की प्रकारचा डायोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव आहे. असा डायोड कुठे आहे ते कळावं म्हणून, जुन्या वायरिंगचं चित्र लॉगबुकात नसेल तर काढून ठेवा.

राखीव बॅटरीचं खरं दुखणं वेगळंच असतं. तिला कोणी हात लावत नाही. महिनोन्‌महिने अर्धवट चार्जवर पडली की लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते. विश्रांतीतला आकडा मात्र ठीक दिसतो. त्यासाठी वर्षातून एकदा बॅटरी ग्लायडरबाहेर काढून, पूर्ण चार्ज करून तोच बल्ब लावा आणि 10.5 व्होल्टपर्यंतचा वेळ मोजा. नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास चालते. दीड तासात ढेपाळणारी बदलून टाका. उंचावरच्या थंडीत ती याहूनही कमी टिकेल.

बदलताना हलकी लिथियम बॅटरी घ्यायचा मोह होईल. तिला तिचाच चार्जर लागतो, शिवाय वजन बदललं की गुरुत्वमध्य सरकतो. अधिकृत इंजिनिअरला विचारल्याशिवाय बसवू नका.

आणि हवेत असतानाच व्होल्टेज कमी झालं तर? वेग आणि उंची दाखवणारी साधी उपकरणं हवेच्या दाबावर चालतात, त्यांना बॅटरी लागत नाही. आधी ग्लायडर नीट उडवा. ज्याच्यावाचून चालेल ते बंद करा आणि उरलेली वीज उतरतानाच्या कॉलसाठी राखा. उतरण्याआधीच्या सर्किटमध्ये डोकं खाली घालून स्विच चाळत बसू नका.