कळांची सुई मागण्याआधी

‘डॉक्टर, पोरगी किती वेळ कळा सोसणार? एक सुई मारा की.’ प्रसूती कक्षाच्या दाराशी हे वाक्य रोज ऐकू येतं. बोलणारी बहुधा आई किंवा सासू. मी म्हणते, ‘मावशी, पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटरच उघडलंय, वेळ लागेल.’ मावशींना ते पटत नाही.

ती सुई म्हणजे ऑक्सिटोसिन. कळा वाढवणारं हे औषध सलाइनमधून, थेंब मोजत द्यायचं असतं. बाळाचे ठोके बिघडले किंवा १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर सलाइन बंद करता येतं; काही मिनिटांत जोर ओसरू लागतो. तेच दंडात किंवा कमरेत टोचलं की परत घेता येत नाही. कळांवर कळा येतात, मध्ये बाळाला प्राणवायू मिळायला उसंत राहत नाही. आधी सिझेरियन झालेलं असेल तर धोका आणखी मोठा.

काही वर्षांपूर्वी अशीच सुई घेतलेली एक बाई रात्री आमच्याकडे आली. तिसरं बाळंतपण. गर्भाशय फाटलं होतं. ती वाचली, बाळ गेलं, पिशवीही काढावी लागली. सोबतच्या चिठ्ठीत इंजेक्शनाचा उल्लेखच नव्हता. नवऱ्याने सांगितलं म्हणून कळलं.

आणि हेच औषध बाळ जन्मल्याबरोबर, १० युनिट, मांडीत टोचायला आम्ही कधी विसरत नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी आमची सगळी भिस्त त्याच्यावर. दोष औषधाचा नाही.

तासाला १ सेंटिमीटर हा हिशोब आमच्या पिढीने पाठ केला, पुढे शिकवलाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो बाजूला ठेवला. ५ सेंटिमीटरपर्यंत वेग येईलच असं नाही, आणि पहिलटकरणीला त्यानंतरही १२ तासांपर्यंत लागू शकतात. आई-बाळ ठीक असतील तर थांबावं. अर्थात खाटा चार आणि बायका सात असल्या की आम्हालाही घाईचा मोह होतो, हे कबूल करते.

म्हणून सुई मागू नका. डॉक्टरांनीच सुचवली तर विचारा. कशासाठी? सलाइनमधून की टोचून? ठोके कोण ऐकणार, किती किती वेळाने? समोरचा वैतागला तरी विचारा. आणि पुढच्या दवाखान्यात पाठवत असतील, तर आधी काय दिलं आणि किती वाजता, ते चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.