सेवाव्रताचे मखर आणि परिचारिकेचा पगार

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण प्राणास मुकले. तीन दिवसांनी पोलिसांनी चौघींना अटक केली. त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होती आणि तिघी परिचारिका होत्या. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत १० अर्भके दगावली होती. तेथे जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले. पुढे फौजदारी गुन्हा मात्र नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री कोण आपल्या जागी होते आणि कोण नव्हते, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु वीजजोडणी कोणी तपासायची, अग्निशमन यंत्रणेला मंजुरी कोणी द्यायची, रात्रपाळीला किती माणसे नेमायची, यांपैकी एका तरी प्रश्नावर परिचारिकेचे मत कोणी कधी विचारले होते काय? अधिकार शून्य आणि उत्तरदायित्व पुरेपूर, असा हा हिशेब आहे. जोखमीचा बोजा वरून खाली ढकलीत न्यावयाचा आणि जेथे तो यापुढे ढकलता येत नाही तेथे ‘निष्काळजीपणा’ असे नाव लिहावयाचे, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची रीतच होऊन बसली आहे.

दरवर्षी १२ मे रोजी याच व्यवस्थेला परिचारिकांचा उमाळा येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, दिवे लागतात, तिच्या नावाची शपथ म्हटली जाते. ही शपथ नाइटिंगेलने लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे तयार झाली आणि तिच्या मूळ पाठात डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. खरी नाइटिंगेल वेगळी होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा घाणीतून उद्भवलेल्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे तिने १८५८ साली तक्ते आणि आकृत्या मांडून सरकारच्या गळी उतरविले. हे मरण दयेच्या अभावी नव्हे, तर गटारे, हवा आणि पाणी यांच्या दुर्व्यवस्थेमुळे ओढवले, असे तिचे प्रतिपादन होते. दिवा घेतलेली बाई भिंतीवर राहिली. आकडे घेऊन युद्धखात्याशी भांडणारी बाई सोईस्करपणे विसरली गेली.

परिचर्येतील नीतीचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्याला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांबद्दल. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. अरुणाताई त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. एवढ्या काळात त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली आणि परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. अग्रलेखांतून अश्रूही ढाळले गेले. मात्र दोन गोष्टी बहुतेकांनी वगळल्या. एक, अत्याचारानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या आणि पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणाताईंना हलविण्याचा घाट घातला, तेव्हा तो परिचारिकांच्या विरोधामुळेच सोडून द्यावा लागला. दुसरी, या परिचारिका महापालिकेच्या कायम नोकरीत होत्या. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने तो वसा घेतला. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या मुलींच्या हातून चार दशकांची ही अखंड शुश्रूषा घडली असती काय? ज्या माउलीच्या ममतेचे गोडवे गाइले गेले, तिच्या मागे कायम नेमणूक, निवृत्तिवेतन आणि संपाचा हक्क उभा होता.

आता हाच आधार काढून घेण्याचा उद्योग चालू आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या, त्या पदभरती खाजगी कंत्राटदारांकडे सोपविण्याच्या शासनाच्या इराद्याविरुद्ध. नुकत्याच संपलेल्या साथीत ज्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या गेल्या, त्यांच्यावर सव्वादोन वर्षांच्या आत ही पाळी आली!

खाजगी क्षेत्राची कथा याहून कठोर आहे. तेथे परिचारिकेचा पगार मागणी आणि पुरवठा यांवर ठरतो, असे सांगितले जाते. तसे असेल तर मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात का कुलूपबंद होत होती? नोकरी सोडल्यास हजारो रुपये भरण्याचे बंधपत्र का लिहून घेतले जात होते? २०११ साली मुंबईत परिचारिकांना याच जाचाविरुद्ध संप करावा लागला. ज्या बाजारात श्रमिकाला उठून जाण्याची मुभा नाही, त्याला बाजार म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळात शासकीय वेतनाइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटांत फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्के कमी, आणि त्याहून लहान ठिकाणीही दरमहा किमान २०,००० रुपये, अशा तिच्या शिफारशी होत्या. आरोग्य हा राज्यांचा विषय म्हणून केंद्राने त्या राज्यांकडे रवाना केल्या आणि हात झटकले. केरळात परिचारिकांच्या संघटनेने रस्त्यावर उतरून २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना पदरात पाडून घेतली. शिफारशीला तेथे जे बळ आले ते संघटनेमुळे आले.

संपामुळे रुग्णांचे हाल होतात, तेव्हा संप अनैतिक, असा युक्तिवाद नेहमी होतो. रुग्णांचे हाल होतात हे खरे आहे. संपकाळात तातडीची सेवा चालू ठेवणे संघटनेचे कर्तव्यच आहे. परंतु संप नसलेल्या दिवसांचाही हिशेब पाहावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे, तर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. साठ रुग्णांच्या कक्षात रात्री दोघीच असतील, तर आठ तासांच्या पाळीत प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला सोळा मिनिटे येतात. त्यांत औषधे, सलाईन, नोंदी, नातेवाइकांचे प्रश्न आणि खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस पालटून देणे. यांपैकी काय गाळावयाचे, हा निर्णय तिला रोज रात्री एकटीने घ्यावा लागतो. नीतिशास्त्राची पाठ्यपुस्तके याबाबतीत तिला काडीचीही मदत करीत नाहीत.

या शोषणाला जातीची आणि लिंगभेदाची जुनी बैठक आहे. मलमूत्राला हात लावणारे काम हलके, ते करणारी बाई हलकी, हा संस्कार पांढऱ्या गणवेशाने पुसला नाही. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना १८९७ साली सावित्रीबाई गेल्या. त्यांच्या नावाने सभा घेणाऱ्यांपैकी किती जण आपल्या गावच्या नर्सिंग होममध्ये गणवेश घालून उभ्या असलेल्या अप्रशिक्षित, अल्पवेतनी मुलीची विचारपूस करतात?

हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनाही लागू आहे. गिरणी कामगार, हमाल, विडी कामगार यांच्या लढ्यांचा अभिमान बाळगणाऱ्या चळवळीने परिचारिकेला श्रमिक मानण्यास फार उशीर केला. पुरोगामी म्हणविणाऱ्या विश्वस्त संस्थांची आणि सहकारी तत्त्वावरची इस्पितळेही ‘सेवा’ या शब्दाच्या आडोशाने तुटपुंजे वेतन देताना दिसतात. तेथे विश्वस्त म्हणून बसलेल्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या शिफारशी पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. तालुका शाखांनी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नोंदी माहिती अधिकारात मागवाव्यात, प्रत्येक ठिकाणी पात्र परिचारिका किती आणि प्रत्यक्ष कामावर किती हे ताडून पाहावे, आणि ते आकडे जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे व महापालिकांच्या आरोग्याधिकाऱ्यांपुढे ठेवावेत.